‘पन्नास वर्षांचा वारा’ पन्नास वर्षांनीच येतो का?

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, पुण्यातही झाडं पडली. तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगांत ऐकतोय: "इमारती पन्नास वर्षांच्या वाऱ्यासाठी बांधतात. तो येऊन गेला, आता काळजी नाही." हे साफ चूक आहे.

आयएस ८७५ भाग ३ या इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात पुण्याचा मूळ वेग, म्हणजेच हा ‘पन्नास वर्षांचा वारा’, सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. मोकळ्या जागी, १० मीटर उंचीवर, तीन सेकंदांचा झोत. तो ओलांडला जाण्याची शक्यता दर वर्षी २ टक्के, मग गेल्याच वर्षी आला असला तरी! पन्नास वर्षांत एकदा तरी? सुमारे ६४ टक्के.

अमेरिकेच्या हरिकेनच्या (तिकडच्या चक्रीवादळांच्या) किनाऱ्यावर तर असा वेग ठरवायला नुसत्या जुन्या नोंदींवर भागत नाही. एकाच गावावर मोठं वादळ क्वचित येतं, आणि आलं की वारा मोजणारं यंत्रच अनेकदा मोडतं. म्हणून संगणकावर हजारो वर्षांची वादळं घडवतात: केंद्रातला दाब किती खाली, जोरदार वाऱ्याचं वर्तुळ केवढं, वादळ सरकतं किती वेगानं, जमिनीवर विरतं कधी. त्यातून ठिकाणानुसार वेग निघतो. तिथला साध्या इमारतींचा नकाशा ‘७०० वर्षांच्या वाऱ्याचा’ आहे, म्हणजे दर वर्षी ७०० त एक शक्यता असलेल्या वाऱ्याचा, पण आपल्या आकड्याशी थेट तुलना नको. तिथे सुरक्षिततेची वाढ त्या वेगातच धरलेली असते, आपल्याकडे वाऱ्याचा भार नंतर १.५ सारख्या गुणकानं वाढवतात.

परवा आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचा कोपऱ्यातला हूक बोटानं हलला. वारा कोपऱ्यातच पत्रा सर्वांत जोरात वर ओढतो. पावसाळ्याआधी तुमचेही तपासा.