गोळ्या संपल्यावर गावाकडे काय?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेर बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेली कुटुंबं फुटपाथवर पथारी टाकून असतात. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. यातल्या ज्यांचा कर्करोग आता बरा होणार नाही, त्यांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते. वेदना, धाप, उलट्या, चिघळलेली जखम, मनाची घालमेल या सगळ्यांवर त्यात उपचार होतात आणि घरच्यांनाही आधार मिळतो. शेवटचे दिवस मात्र बहुतेकांना आपल्या गावी, आपल्या माणसांत काढायचे असतात. अडचण तिथूनच सुरू होते.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचं मुख्य औषध म्हणजे मॉर्फिन. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या औषध धरणाऱ्या जागांना, ते चिकटतं आणि वेदनेचे संदेश तिथेच दबतात. साध्या गोळीचा परिणाम सुमारे 4 तास टिकतो. म्हणून ती दुखणं सुरू होण्याची वाट न बघता, घड्याळ पाहून घ्यायची असते. काही आठवडे चाललेली गोळी एकदम बंद झाली, तर दबलेली वेदना उसळतेच, शिवाय घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. याला व्यसन म्हणणं रुग्णावर अन्याय आहे. शरीराला औषधाची सवय झालेली असते आणि मात्रा हळूहळूच उतरवावी लागते. पण जिल्ह्यात गोळीच मिळत नसेल, तर उतरवणार कशी?

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन इतक्या परवान्यांत अडकलं की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. तरीही ती घेतलेली रुग्णालयं मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. पूर्वांचलातल्या, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेशातल्या, गाझीपूरला सरकारी अफू कारखाना आहे, आणि त्याच पट्ट्यातल्या माणसाला अफूपासून बनणाऱ्या गोळीसाठी मुंबई गाठावी लागते, हे मला असह्य वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते, मिळते जेमतेम 14 टक्क्यांना.

वाराणसी, मुझफ्फरपूर, गुवाहाटीला आता टाटाचीच केंद्रं आहेत, त्यामुळे अंतर कमी झालंय. फोनवरून मात्र हा प्रश्न सुटत नाही, कारण 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अमली औषधं दूरस्थ सल्ल्याने लिहून देता येत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनचा साठा आणि ते द्यायला शिकलेला एक डॉक्टर, एवढं तरी हवंच. तोवर घरातल्या कुणाला तरी गोळ्यांसाठी पुन्हा गाडी धरावी लागते.