आत्मसन्मान वाढवला की गुण वाढतात?

मुलांचा आत्मसन्मान वाढवला की त्यांचे गुण आपोआप वाढतात, हा समज पालकसभांतून आजही ठामपणे मांडला जातो. त्याला मोठे बळ मिळाले ते अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, जिथे आमदार जॉन व्हास्कॉन्सेलोस यांच्या आग्रहामुळे १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कृतिदल नेमण्यात आले. शालेय अपयशापासून व्यसनाधीनतेपर्यंतच्या प्रश्नांवर आत्मसन्मान ही जणू सामाजिक लस ठरेल, अशी त्यामागची अपेक्षा होती. मात्र याच उपक्रमासाठी अभ्यासकांनी लिहिलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखांतही हा संबंध बहुतांशी क्षीणच आढळला होता. उत्साहाच्या भरात तिकडे फारसे कुणी पाहिले नाही.

पुढे मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमाइस्टर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मान आणि गुण यांचा संबंध माफक असून, तोही काही अंशी उलट दिशेचा, म्हणजे चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान वाढण्याचा, असल्याचे दिसले. आत्मसन्मान निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही: तो चांगला असणारी माणसे अधिक समाधानी आढळतात आणि स्वतःहून पुढाकार घेतात. सरसकट कौतुकाला मात्र या आढाव्यात आधार मिळत नाही. चांगले वर्तन आणि प्रत्यक्ष सुधारणा यांना दाद द्यावी, अशी त्याची शिफारस आहे.