भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा वाढीव मेंटेनन्स: नियम काय सांगतो?

जुळे सोलापूर असो वा होटगी रस्ता, सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो: ‘फ्लॅट भाड्याने दिला, तर सोसायटी ठरवील तेवढा जादा मेंटेनन्स द्यावाच लागतो.’ सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणजे अंतिम शब्द, असा समज त्यामागे असतो आणि तो स्वाभाविकही आहे; परंतु सहकारी गृहनिर्माण संस्थांवर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने मर्यादा घातली असून, ठरावाने ती ओलांडता येत नाही.

मालक स्वतः राहत नसल्यास आकारायचे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि सेवा शुल्क म्हणजे संपूर्ण बिल नव्हे, तर पहारा, सफाई, सामायिक वीज अशा रोजच्या सेवांचा खर्च: महापालिकेचा कर त्यातून वगळावा लागतो, दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढील मोठ्या कामांसाठी साठवलेला राखीव निधी) हेही वेगळे असतात. समजा, बिल २,४०० रुपयांचे आणि त्यात सेवा शुल्क ९०० रुपये असेल, तर जादा रक्कम ९० रुपयांपर्यंतच. बहुधा हा भार भाड्यात मिसळून भाडेकरूवरच पडतो, म्हणून हिशेब त्यानेही पाहावा, हेच न्याय्य. मालकाची विवाहित मुलगी तेथे राहत असल्यास हे शुल्क लागतच नाही.

पडताळणीसाठी बिलातील ‘सेवा शुल्क’ ही ओळ शोधावी. एकच ठोक आकडा छापलेला असल्यास मालकाने सचिवांकडे लेखी तपशील मागावा आणि तो संस्थेच्या उपविधींशी, म्हणजे नियमावलीशी, ताडून पाहावा.