ग्रंथालय होतं, शोधणं शिकवायचं राहिलं

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला आणि कॉलेजांतली जुनीच तक्रार पुन्हा ऐकू येऊ लागली: मुलांना संदर्भ शोधता येत नाहीत, पहिली लिंक उघडतात आणि उतरवून देतात. खापर मोबाइलवर फुटतं. पण ही उणीव मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

खानदेशाचंच उदाहरण घ्या. तिथे पुस्तकांची वानवा होती, असंही नाही. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ सालचं. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ स्थापन झालं. गावोगाव दप्तरं धुंडाळायची आणि बखरीतलं विधान अस्सल पत्रावर घासून पाहायचं, हे राजवाड्यांनी आयुष्यभर केलं. माहिती पारखायला शिकवणारा एवढा मोठा गुरू घरातच होता. मात्र ती शिस्त संशोधकांपुरतीच राहिली, कॉलेजच्या वर्गापर्यंत पोचली नाही.

कॉलेजं आली चाळीसच्या दशकात: जळगावचं मू. जे., अमळनेरचं प्रताप. संलग्नता आधी मुंबईची, १९४९ नंतर पुण्याची. जळगावला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९९० उजाडलं. परीक्षा वार्षिक, प्रश्न ठरावीक, हाताशी गाइड. ग्रंथालयाची गरज लागायची ती क्रमिक पुस्तकापुरती. तेही खिडकीतून. तालिकेचा, म्हणजे पुस्तकांच्या सूचीकार्डांचा खण ओढायचा, कार्डावरचा बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) मागणी चिठ्ठीवर उतरवायचा, चिठ्ठी बी.टी. कार्डासोबत, म्हणजे पुस्तक नेण्याच्या कार्डासोबत, आत सरकवायची आणि थांबायचं. कपाटापर्यंत जायची मुभाच नसेल, तर हव्या त्या पुस्तकाशेजारचं त्याहून कामाचं पुस्तक दिसणार कसं? पुस्तकं हरवली की भरपाई ग्रंथपालाच्या गळ्यात पडायची, त्यामुळे कुलूप समजण्यासारखं होतं. पण त्या कुलपाने शोधण्याची सवयच लागू दिली नाही.

खरं तर भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडताना मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देण्याचा आग्रह धरला होता. नव्या वाचकाला ग्रंथालय वापरायला शिकवणं हे ते संदर्भसेवेचंच, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधायला मदत करण्याचंच काम मानत. आपल्याकडे त्याचं रूपांतर जून-जुलैतल्या एका फेरीत झालं: हा वाचनकक्ष, ही देवघेव, दंड इतका, शांतता राखा.

अमेरिकेत साठच्या दशकात अर्लहॅम कॉलेजात इव्हान फार्बर यांनी ग्रंथालयाचे धडे थेट विषयाच्या असाइनमेंटला जोडले. ‘माहिती साक्षरता’ (माहिती शोधण्याचं, पारखण्याचं आणि वापरण्याचं कौशल्य) ही संज्ञा पॉल झुरकोवस्की यांनी १९७४ मध्ये वापरली, तीही उद्योगधंद्यांच्या संदर्भात. तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० मध्ये तिची मानकं ठरवली. पुढे ती मागे पडून २०१६ मध्ये नवा आराखडा स्वीकारला गेला.

आपल्याकडे पैसा आणि लक्ष गेलं साधनांवर. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं इन्फ्लिबनेट १९९१ मध्ये सुरू झालं. २०१० मध्ये कॉलेजांना ई-साहित्य पुरवणारी एन-लिस्ट योजना आली आणि तालुक्याच्या कॉलेजलाही सहा हजारांच्या घरात ई-जर्नल्स उपलब्ध झाली. खिडकी एकदम उघडली, पण आत शिरून काय करायचं हे सांगणारा तास आला नाही. यूजीसीने २०१९ मध्ये संशोधन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला तो पीएच.डी.साठी. म्हणजे उतरवायची सवय मुरल्यावर.

शिकवायचं तरी काय? रावेरच्या मुलीने केळी हा विषय घेतला, तर ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावण्याच्या ड्यूईच्या वर्गीकरणात लागवड ६३४.७७२ खाली सापडते आणि केळी-उत्पादनाचं अर्थकारण अर्थशास्त्रात, ३३८.१७४७७२ खाली, पार दुसऱ्या कपाटात. गूगलवर नुसतं ‘केळी’ टाकलं की बाजारभाव आणि शिकरण यांचीच गर्दी; ‘करपा’, ‘सिगाटोका’ (केळीच्या पानांवरचे रोग), ‘पीकविमा’ हे शब्द जोडले की वेगळंच साहित्य समोर येतं. मग त्यातलं कृषी विद्यापीठाचं काय, खतकंपनीचं काय आणि कुणी कुणाचं ढापलं, हे पाहायचं. एवढ्याला दोन-तीन तास पुरतात. ग्रंथपाल आणि विषयाच्या सरांनी मिळून ते प्रोजेक्टचा विषय ठरण्याआधी घ्यायला हवेत. बहुतेक ठिकाणी ग्रंथपालाशी गाठ पडते ती थेट शेवटी, ना-देय दाखल्यावर सही घ्यायला.