मॅग्नेशियम मिश्रधातू : बळकटी आणि क्षरणरोध यांचा मेळ

मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश. शुद्ध स्थितीत ते मऊ असल्याने त्यात ॲल्युमिनियम, जस्त, मँगॅनीज, झिर्कोनियम किंवा विरल मृदा मूलद्रव्ये (यिट्रियम, निओडिमियम यांसारखे धातू) मिसळतात. अडचण तिथेच सुरू होते. मॅग्नेशियमचे प्रमाणित विद्युत् विभव (इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ दाखवणारा आकडा) −२.३७ व्होल्ट असल्याने बळकटीसाठी तयार केलेली बहुतेक संयुगे त्याच्यापुढे ऋणाग्र (कॅथोड, म्हणजे जोडीतली स्वतः न झिजणारी बाजू) ठरतात. खारी ओल मिळाली की भोवतीचे मॅग्नेशियम विरघळू लागते आणि हायड्रोजन सुटतो. पृष्ठभागावरचा हायड्रॉक्साइडाचा थर साधारण १०.५ पीएचच्या वरच टिकतो. क्लोराइड त्याला सहज भेदते.

ओतकामात सर्वाधिक चालणारा एझेड ९१ हा मिश्रधातू या पेचाचे चांगले उदाहरण आहे. त्यात सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि ०.७ टक्का जस्त असते. ४३७ अंश सेल्सिअसला मॅग्नेशियममध्ये जवळपास १२.७ टक्के ॲल्युमिनियम विरघळते, पण थंड होताना ही क्षमता झपाट्याने घटते. उरलेले ॲल्युमिनियम १७ मॅग्नेशियम व १२ ॲल्युमिनियम अणूंच्या संयुगाच्या, म्हणजे बीटा प्रावस्थेच्या (फेज), रूपात कणसीमांवर, म्हणजे धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमांवर, साचते. ही प्रावस्था कठीण असते. तुटक बेटांच्या रूपात असली तर ती शेजारचे मॅग्नेशियम खाऊन टाकते. सलग, बारीक जाळी झाली तर तीच क्षरणाला अडवते. म्हणून ‘बीटा चांगली की वाईट’ या प्रश्नाला तिची मांडणी पाहिल्याशिवाय उत्तर नाही. डाय-कास्टिंगमध्ये (धातूच्या साच्यात दाबाने ओतकाम) साच्याला टेकलेली त्वचा झटकन थंड होते, कण बारीक राहतात व जाळी दाट बनते. यंत्रणकामात (मशीनवर कापताना) ही त्वचा उडाली की आतला सच्छिद्र भाग उघडा पडतो आणि तो लवकर खराब होतो.

मात्र क्षरणाच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक शुद्धतेने पडतो. १९४२ साली डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीच्या हॅनावॉल्ट, नेल्सन व पेलूबे यांनी दाखवले की, शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोह दहा लाख भागांत १७० च्या वर गेले की क्षरणाचा वेग एकाएकी उसळतो. निकेलची मर्यादा तर अवघी ५ भाग. एझेड ९१ डी या उच्च-शुद्ध प्रकारात लोह ०.००५, निकेल ०.००२ आणि तांबे ०.०३ टक्क्यांच्या आत ठेवतात. लोह व मँगॅनीज यांचे गुणोत्तर ०.०३२ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे लोह ०.००५ टक्का असेल, तर मँगॅनीज किमान ०.१६ टक्का हवेच. मँगॅनीज लोहाला बांधते. काही संयुग भट्टीच्या तळाशी गाळ म्हणून बसते, उरलेले कमी घातक होते. वितळलेल्या धातूचा रस फार तापवला तर पोलादी मुशीतले (वितळवण्याच्या भांड्यातले) लोह त्यात उतरते. फार थंड ठेवला तर मँगॅनीजच गाळात जाते आणि नमुना गुणोत्तरात नापास होतो. शुद्धतेच्या या सुधारणेसाठी बळकटीतले काहीच द्यावे लागत नाही, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

सँड-कास्ट (वाळूच्या साच्यात ओतलेल्या) भागांना उष्णता संस्करण देताना भट्टीत २६० अंशांना माल भरून सुमारे दोन तासांत हळूहळू ४१३ अंशांपर्यंत नेतात आणि १६ ते २४ तास ठेवतात. घाई केली तर कणसीमेवरचा कमी वितळबिंदूचा भाग वितळतो आणि ओतीव भागात पोकळ्या पडतात. भट्टीत सल्फर डायऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडचे संरक्षक वातावरण लागते. त्यानंतर १६८ अंशांवर १६ तास पक्व केल्यास यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचा आकार बदलण्याआधी सोसता येणारा ताण) वाढते, मात्र तन्यता (न तुटता ताणले जाण्याची क्षमता) घटते. हे पक्व करणे फार लांबले की कणांतले ॲल्युमिनियम कमी होते व मूळ धातूच क्षरणाला अधिक बळी पडतो. डाय-कास्ट भाग सहसा या वाटेने नेत नाहीत. आत अडकलेला वायू फुगून पृष्ठभागावर फोड येतात.

कण बारीक करणे हा बळकटीचा तुलनेने स्वस्त मार्ग, कारण हॉल-पेच संबंधानुसार (कण जितके बारीक तितका धातू बळकट, हा नियम) मॅग्नेशियमला त्याचा ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी पट लाभ होतो. झिर्कोनियम हे काम उत्तम करते, शिवाय लोहही खाली ओढते; पण ॲल्युमिनियम किंवा मँगॅनीज असलेल्या रसात ते संयुगे बनून निकामी होते. म्हणून ते डब्ल्यूई ४३ सारख्या ॲल्युमिनियमरहित मिश्रधातूत येते. त्यात ४ टक्के यिट्रियम व ३ टक्के निओडिमियमप्रधान विरल मृदा असतात. ५२५ अंशांवर ८ तास व २५० अंशांवर १६ तास असे संस्करण दिल्यावर हा मिश्रधातू उष्णतेतही बळ टिकवतो आणि क्षरणात ओतीव ॲल्युमिनियमच्या जवळ जातो. किंमत मात्र वाहनउद्योगाला झेपणारी नाही.

चांगला मिश्रधातूही शेवटच्या टप्प्यांत बिघडतो. पोलादी छर्‍यांनी शॉट-ब्लास्टिंग (छर्‍यांचा मारा करून पृष्ठभाग साफ करणे) केल्यास लोहाचे कण पृष्ठभागात रुततात. आम्लात धुऊन तो थर काढावा लागतो. पोलादी बोल्ट थेट बसवला की त्याच्याभोवती खड्डा पडतो. ६००० मालिकेच्या (मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेल्या) ॲल्युमिनियमचे वॉशर घालावेत, सांध्याच्या दोन्ही बाजू रंगवाव्यात आणि पाणी साचणार नाही अशी निचऱ्याची जागा ठेवावी. फक्त मॅग्नेशियमची बाजू रंगवणे सर्वांत वाईट, कारण रंगाला पडलेल्या एका ओरखड्यावर सगळे क्षरण एकवटते.