आयएमए डॉक्टरांचं लायसन्स रद्द करू शकत नाही

बिलावरून दवाखान्यात वाजलं की ‘थांबा, आयएमएकडे तक्रार करून लायसन्सच रद्द करतो’ ही धमकी हमखास ऐकू येते. वर्षानुवर्षं फिरणारा हा समज साफ चुकीचा आहे.

आयएमए म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशन. ही १९२८ साली सुरू झालेली अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची संघटना आहे, सरकारी खातं नव्हे. वर्गणी भरून सभासद व्हायचं. नाही झालं तरी प्रॅक्टिस खुशाल करता येते. उलट सरकारविरुद्ध संप हीच पुकारते. ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्यात रुग्णालयातच एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाल्यानंतर, देशभर पुकारला होताच. डॉक्टरांना ग्राहक कायदा लागू नको म्हणून तर ही सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली. १९९५ मध्ये निकाल बऱ्याच अंशी विरोधात गेला, म्हणून आज ग्राहक आयोगात भरपाई मागता येते.

औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या नावाखाली नोंदणी क्रमांक असतो ना? ही नोंदणी म्हणजेच लायसन्स. महाराष्ट्रात तो देते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, कायद्याने स्थापन झालेली. डॉक्टरांचं नाव निलंबित करण्याचा किंवा यादीतून काढण्याचा अधिकार तिचा. गैरवर्तनाची तक्रार करायची तर तिथेच, लेखी, कागदपत्रांसकट.