हँग झाला म्हणजे नेमकं कोण अडकलं? प्रोग्राम की मशीन?

आमच्याकडे कॉम्प्युटरला एकच आजार होतो: हँग. खिडकी पांढरी पडली की हँग, माउसचा बाण जागचा हलेना की हँग, फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागली तरी हँगच. त्यावर औषधही एकच, 'फॉरमॅट मारून टाकू'.

सोलापुरातल्या साखर पेठेतल्या वहिनींचा परवा फोन आला. "भाऊजी, परत हँग झालाय बघा. बटण दाबून बंद केला." टॉवेलच्या ऑर्डरी त्या एक्सेलमध्ये लिहितात. बटण दाबल्यावर सकाळपासूनच्या नोंदी गेल्या. त्यांना विचारलं, कॅप्स लॉकचा दिवा लागत होता का? "ते कोण बघतंय हो!"

बघायचं तेच असतं. कॅप्स लॉकचं बटण दाबलं की कीबोर्ड आपल्या मनानं दिवा लावत नाही. दाबल्याचा निरोप विंडोजकडे जातो आणि दिवा लावायचा हुकूम तिकडून येतो. म्हणजे दिवा लागतोय, विझतोय तोवर विंडोज जिवंत आहे आणि अडकलाय तो एखादा प्रोग्राम. चार-पाचदा दाबूनही दिवा ढिम्म असेल तर अख्खं मशीन गोठलं. वायरलेस कीबोर्डला बऱ्याचदा दिवाच नसतो. तिथं माउसचा बाण आणि कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतंय का ते पाहायचं.

प्रोग्राम अडकतो तेव्हा शीर्षकाच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. एखाद्या खिडकीनं साधारण 5 सेकंद विंडोजच्या निरोपांना उत्तर दिलं नाही की विंडोज ती पाटी लावतं. प्रोग्राम मेला असा तिचा अर्थ नाही. मोठी फाइल उघडताना किंवा बंद पडलेला प्रिंटर शोधताना तो खरंच कामात असू शकतो. म्हणून दोन-तीन मिनिटं हात आवरायचा. क्लिकवर क्लिक केले तर तेही रांगेत जमा होतात. तरी हललं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तेवढाच प्रोग्राम 'एंड टास्क' करायचा. बाकीच्या खिडक्यांतलं काम वाचतं. नेहमी एकच प्रोग्राम अडकत असेल तर त्याचे अॅड-इन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, काढून बघा, मग तो नव्यानं टाका. फॉरमॅटची गरज नाही.

मशीनच गोठलं तर सॉफ्टवेअरला दोष देण्यात फारसा अर्थ नसतो. विंडोज 10 वर आधी विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून पाहावं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, नव्यानं सुरू होतो आणि पडदाच तेवढा अडकला असेल तर सुटतो. नाहीच जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरायचं. नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या रोजनिशीत, 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद दिसते आणि लोक घाबरून पॉवर सप्लाय बदलतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. बटण तुम्हीच दाबलं तरी ती येते.

गोठण्याची वेळ टिपून ठेवा. सकाळी मशीन ठणठणीत आणि मे महिन्यात दुपारी अर्ध्या तासात गार, असं असेल तर झाकण उघडा. यंत्रमागाच्या जवळ घर असेल तर प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताच्या तंतूंची गादीच जमलेली सापडेल. बाहेर पारा चाळिशीपार असताना आतली हवाही अडली की प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि अगदीच तापला तर मशीन बंद पाडतो. मशीन वेळीअवेळी गोठत असेल तर रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं पुसून परत बसवा. वायर आधी भिंतीतून काढून. हा उपाय गावठी वाटतो, पण कित्येकदा लागू पडतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या डब्यांसारखे उभे भाग, डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र खोडरबर ठेवून द्या, दोष बोर्डातच आहे.

आता खरी गोची. दिवा लागतो, बाणही फिरतो, पण काहीच उघडत नाही. आज एक्सेल अडकलं, उद्या ब्राउझर, परवा साधं फोल्डर. दिसतं प्रोग्राम अडकल्यासारखं, मूळ असतं मशीनमध्ये. जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर मला सगळ्यात जास्त भेटतो तो हाच प्रकार, आणि फॉरमॅटही याच्यावरच सर्वाधिक फुकट जातात.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्कचे आकडे शेजारी-शेजारी वाचा. मेमरी 90 टक्क्यांच्या वर आणि डिस्क 100 टक्के असेल तर रॅम कमी पडतेय. रॅममध्ये न मावलेलं विंडोज डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि फिरत्या हार्ड डिस्कला एखादा तुकडा शोधायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. रॅमपेक्षा हे सुमारे एक लाख पट संथ. ब्राउझरचे टॅब कमी करा, रॅम वाढवा. त्याआधी विंडोज 32 बिटचं आहे का ते बघून घ्या. घरगुती 32 बिट विंडोज 4 जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही, पैसे पाण्यात.

मेमरी निम्मी रिकामी, डिस्क मात्र 100 टक्के, आणि वाचण्याचा वेग काही केबी? सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं अपडेट आणि अँटिव्हायरसमुळे डिस्क कामात असते, ती सोडून द्या. नंतरही तसंच राहिलं आणि प्रतिसादाचा वेळ चार आकडी मिलिसेकंद दिसत असेल तर डिस्क आजारी आहे. खराब भाग वाचता आला नाही की ती तोच पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि बाकी सगळे तिच्या दारात उभे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' नावानं 7 किंवा 153 क्रमांकाच्या नोंदी असतील तर शंका पक्की. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कनं स्वतः ठेवलेली नोंदवही दाखवतं. तिथं 05 (बदलून टाकलेले खराब भाग) आणि सी5 (वाचता न आलेले संशयित भाग) या ओळी शून्यावर असाव्यात. सी7 (केबलवरून येता-जाता झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदला, ती स्वस्तात मिळते.

डिस्क आजारी निघाली तर पहिलं काम फाइली दुसरीकडे उतरवणं. डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे जुळवणं) नको, चेकडिस्कही (विंडोजची डिस्क-तपासणी) आधी नको. अख्खी डिस्क वाचायला लावली की उरलेला जीवही जातो. आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला म्हणून मशीन अडकतंय, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सुरक्षेचा प्रश्न आहे तो, वेगाचा नाही.

वहिनींना मी विचारलं, अडकायच्या आधी काय उघडलं होतं? "गड्ड्याच्या जत्रेचे फोटो. मागच्या वेळेलाही तेच." दरवेळी तेच फोल्डर, म्हणजे डिस्कचा ठरावीक तुकडाच गेला होता. सी5 च्या ओळीत शून्य नव्हतंच. आधी ऑर्डरींच्या फाइली उतरवल्या, मग फोटो. जत्रेतल्या नंदीध्वजांचे दोन फोटो शेवटपर्यंत आले नाहीत. बाकी सगळं एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या नव्या डिस्कवर, गेलं. जुनी डिस्क त्यांनी फेकलेली नाही, कपाटात चादरीखाली ठेवलीय.